बदरुद्दीनभाईंचा उजवा डोळा

माझी आई लोकांच्या झोपेचा अभ्यास करायची. अबुधाबीतल्या कुठल्याही पार्टीत हे सांगितलं की समोरचा हटकून विचारायचा, "म्हणजे नेमकं काय करतात?" आणि आईला बोलू न देता बाबा उत्तर द्यायचे, "लोक झोपले की ही त्यांच्याकडे बघत बसते. पगार मिळतो त्याचा."

आई म्हणजे डॉ. हेमा पोतनीस. मेंदू हा तिचा विषय. त्यातही बाहेर दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळतं कसं, हा एकच प्रश्न तिने आयुष्यभर धरून ठेवला. पुण्यात असताना तो ती उंदरांना विचारायची. नव्वद साली बाबांना तेलकंपनीच्या कॉन्ट्रॅक्ट विभागात नोकरी लागली, आम्ही अबुधाबीला आलो आणि उंदीर तिकडेच राहिले. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिला काम मिळालं. येता-जाता तिच्या लक्षात आलं, की तळमजल्यावर डोळ्यांच्या ओपीडीत बाकावर बसलेली निम्मी माणसं पेंगत असतात. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झालेले पेशंट होते ते. नर्स म्हणायची, वाट बघून कंटाळलेत बिचारे. आईला ते पटेना. एक दिवस ती त्यांच्याच बाकावर जाऊन बसली आणि प्रत्येकाला विचारू लागली, रात्री झोप कशी लागते? तिचं पुढचं सगळं काम त्या बाकावरून निघालं.

तिला जाऊन वर्ष होत आलं. भेटायला आलेले लोक तिच्या शोधनिबंधांबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले. ते खरंच होतं. पण मी मनात आईला शोधायला लागते तेव्हा ती मला दुसरीकडेच सापडते. रास अल खैमात, एका गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून, पोट धरून हसताना.

बदरुद्दीन परकार मूळचे दाभोळचे. रास अल खैमाच्या एका सिमेंट कारखान्यात वीस-बावीस वर्षं त्यांनी क्रेन चालवली. मग साखरेने आधी डावा डोळा नेला, पाठोपाठ उजवा. आता ते आणि त्यांच्या पत्नी हाफिजाभाभी मुलाजवळ, फहदजवळ राहत होते. फहद सिरॅमिकच्या कारखान्यात सुपरवायझर होता. सत्त्याण्णव साली, मी बारावीच्या परीक्षेत बुडालेली असताना, बदरुद्दीनभाई पायाच्या जखमेसाठी आईच्या हॉस्पिटलात भरती झाले.

त्यांचा डावा डोळा सुकून आत गेला होता. उजवा जागेवर होता, पण दिसत त्यातूनही काही नव्हतं. आत नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, डोळ्यातला दाब वाढला होता आणि तो सतत ठणकत असे. डोळ्यांचे सर्जन डॉ. याकूब हैदराबादचे, सज्जन आणि कायम घाईत. त्यांनी ठरवून टाकलं होतं, की पाय बरा झाला, बकरी ईद झाली, की उजवा डोळा काढून टाकायचा. नाहीतरी दिसत नाहीच. निदान दुखायचा थांबेल.

आईकडे तेव्हा मनगटाला बांधायची काही यंत्रं होती. तिच्या जुन्या सरांनी परदेशातून मिळवून दिलेली. काळ्या प्लास्टिकची, घड्याळासारखीच, पण तबकडी नसलेली. हात हलला की यंत्र नोंद करायचं. झोपलेल्या माणसाचा हात फारसा हलत नाही, त्यामुळे नंतर कागदावर काढलं की माणूस कधी झोपला आणि कधी जागा होता ते कळायचं. त्यातलं एक तिने बदरुद्दीनभाईंच्या मनगटावर बांधलं. त्यांनी दुसऱ्या हाताने ते सगळीकडून चाचपलं.

"बाय, आंधळ्याला घड्याळ दिलंत," ते म्हणाले, "आणि त्यालाही काटे नाहीत. बरी जोडी जमवलीत."

तिथून दोघांची दोस्ती झाली.

ते घरी गेले, आणि काही आठवड्यांनी फहद यंत्र आणून देऊन गेला. आईने नोंदी छापून तो लांबलचक कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला. एका दिवसाची एक ओळ, अशा ओळींखाली ओळी. जागेपणी काळ्या रेघांची दाटी, झोपेत कोरा पट्टा.

बाबा चहाचा कप घेऊन वाकले. "हा तर जिना आहे."

खरंच जिना होता. वरच्या ओळींत, म्हणजे वॉर्डातल्या दिवसांत, कोरा पट्टा रोज एकाच जागी, एकाखाली एक सरळ होता. घरी गेल्यापासून मात्र तो रोज थोडा थोडा उजवीकडे सरकत गेला होता. आज अकराला झोप, उद्या साडेअकराला, मग बाराला. करत करत पहाट, मग सकाळ, मग भरदुपार.

"वॉर्डात सरळ आणि घरी वाकडा," आई म्हणाली. "घरी असं काय आहे?"

"बायको," बाबा म्हणाले.

आईने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ती मला समजावू लागली. आपल्या शरीरातलं घड्याळ चोवीस तासांचं नसतं, थोडं जास्तीचं असतं. मोकळं सोडलं तर ते रोज थोडं मागे पडतं. रोज सकाळचा उजेड डोळ्यातून आत जातो आणि त्याला जागेवर आणतो. बदरुद्दीनभाईंचं घड्याळ घरी मोकळं सुटलं होतं. वॉर्डात कुणीतरी ते रोज लावत होतं. आणि वॉर्डात त्यांची खाट पूर्वेच्या खिडकीला लागून होती.

"बट आई, ही इज ब्लाइंड," मी म्हणाले.

"त्यांना दिसत नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. त्यांच्या डोळ्याला उजेड कळत नाही, हे कुणी तपासलंय?"

बाहेरच्या दोन-तीन लॅबमधून तेव्हा अशा बातम्या यायला लागल्या होत्या, की काही आंधळ्या माणसांचं शरीर उजेडाला दाद देतं. त्या माणसाला स्वतःला ते जाणवतही नाही. आईचा अंदाज होता, की बघण्याची वाट वेगळी आणि दिवस-रात्र कळवण्याची वाट वेगळी. मधुमेहाने पहिली उद्ध्वस्त झाली तरी दुसरी कुणाकुणाची शिल्लक राहत असेल. बदरुद्दीनभाईंची राहिली असेल, तर ती त्या उजव्या डोळ्यातच होती. आणि तो डोळा ईदनंतर काढायचा होता.

दुसऱ्या दिवशी ती डॉ. याकूबांकडे गेली. त्यांनी जिना पाहिला आणि हसले.

"पोतनीस मॅडम, वॉर्ड में नर्स दस बजे बत्ती बंद करती है, छह बजे उठा देती है. वहाँ तो मैं भी सीधा सोऊँगा. आप दिमाग की डॉक्टर हैं, आँख मुझ पर छोड़िए."

"आँख दिमाग का ही हिस्सा है," आई म्हणाली.

"ईद तक का वक्त है. दिखा दीजिए, मैं मान जाऊँगा." आणि डोळ्याची सूज आणि ठणका कमी व्हावा म्हणून त्यांनी तोपर्यंतचे थेंब लिहून दिले.

शुक्रवारच्या सुट्टीला आम्ही रास अल खैमाला निघालो. बाबा गाडी चालवत होते, आणि अबुधाबी सोडल्यापासून एकच तक्रार करत होते, की जगातले सगळे नवरे शुक्रवारी उशिरापर्यंत झोपतात आणि झोपेच्या तज्ज्ञाचा नवरा पहाटे उठून वाळवंट ओलांडतो.

घर जुन्या अरबी पद्धतीचं होतं. मधे अंगण, भोवती खोल्या, वर सपाट गच्ची. तीन-चार कुटुंबांनी वाटून घेतलेलं. हाफिजाभाभींनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं आणि मी दारातच थबकले. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं आणि खोलीत मिट्ट काळोख. काचांना आतून चंदेरी फॉइल चिकटवलेलं, वर जाड पडदा. एसीचा गार झोत.

"घरातली सगळ्यांत थंड खोली त्यांना दिली," भाभी अभिमानाने म्हणाल्या. "फहद म्हणाला, अब्बांना उन्हाचा त्रास नको. आम्ही पोरं-बाळं बाहेरच्या खोलीत."

"दिवा?" आईने विचारलं.

"दिवा कशाला? त्यांना काय फरक पडतो?"

काळोखातून बदरुद्दीनभाईंचा आवाज आला. "बाय आली काय? बसा, बसा. कुठे बसणार ते तुमचं तुम्ही बघा, मला सगळी खोली सारखीच."

बाबांचा पाय स्टुलावर आपटला. आई मात्र दारातच उभी राहून त्या फॉइलकडे बघत होती. घरातल्या सगळ्यांनी मिळून, जीव लावून, त्या माणसासाठी एक न संपणारी रात्र बांधली होती.

तिने सांगितलं, रोज सकाळी न्याहारी झाली की त्यांना गच्चीवर न्यायचं. उन्हात नाही, पण चांगल्या उजेडात बसवायचं. डोळा उघडा ठेवायचा. चहा तिथेच द्या. झोप कधीही येऊ दे, सकाळची गच्ची चुकवायची नाही.

हाफिजाभाभींनी हात पुसले. त्या आईपेक्षा वयाने मोठ्या, आणि नवऱ्याच्या बाबतीत कुणाचं ऐकणाऱ्या नव्हत्या.

"बाय, एक विचारू? दुखरा दात आपण ठेवतो काय? हा डोळा बघत नाही, नुसता दुखतो. हे रात्रभर विव्हळतात, मी रात्रभर जागते. डॉक्टर म्हणतो काढतो, तर तुम्ही म्हणता थांबा. याने त्यांना दिसणार काय?"

"नाही," आई म्हणाली.

"मग झोप येणार काय?"

"मला खात्री नाही, भाभी. पण एकदा काढला की परत बसवता येणार नाही. म्हणून ईदपर्यंत मागतेय."

भाभींनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "ईदपर्यंत. मग खलास."

पुढचे आठवडे आईने फोन करून कुणाला छळलं नाही. यंत्र पुन्हा त्यांच्या मनगटावर बांधलेलं होतं, ते सांगेल, असं म्हणायची. पण सकाळी दाढी करणाऱ्या बाबांना खिडकीतून बाहेर बघत एकदम विचारायची, "तिकडे ढग असतील का रे, चारू?" एप्रिलात, रास अल खैमात, ढग!

पुन्हा गेलो तेव्हा परत शुक्रवारच होता. माझी परीक्षा संपली होती आणि नोंदी उतरवायचा तो जड कॉम्प्युटर उचलायचं काम माझ्याकडे आलं होतं. दार उघडताच भाभींच्या चेहऱ्यावरून कळलं.

"रोज नेते. तुम्ही सांगितलं तसंच सगळं. चहा वर, थेंब वेळेवर. दुखणं जरा कमी आहे, पण झोप तशीच पळते. आता दुपारी आडवे होतात ते थेट रात्री इशाच्या नमाजला उठतात. बाय, तुम्ही मेहनत घेतलीत, अल्ला तुमचं भलं करो. पण आता पुरे."

भाभी मागून आणखी काही सांगत होत्या, पण आई जिना चढून वर गेली. मी मागोमाग.

बदरुद्दीनभाई खुर्चीत ऐटीत बसले होते. तोंड पूर्वेच्या उजेडाकडे, हातात चहा, अंगावर इस्त्रीचा सदरा. आणि डोळ्यांवर हा एवढा मोठा, काळाकुट्ट, कडांनीही झाकलेला चष्मा. वेल्डिंगवाले लावतात त्यातला.

"बदरुद्दीनभाई," आई सावकाश म्हणाली, "हा चष्मा कधीपासून?"

"हा? पहिल्या दिवसापासून. क्रेनवर असताना एका वेल्डरने दिलेला. पक्का माल आहे."

"मी डोळा उघडा ठेवा म्हणाले होते."

"उघडाच आहे की! आत."

"अहो, पण आत काळोख आहे!"

"मला कसं कळणार, बाय?" ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"पण लावलात कशाला? वॉर्डात नव्हता तो."

बदरुद्दीनभाई जरा अवघडले. आवाज खाली आणून म्हणाले, "वॉर्डात नर्सना माहीत होतं मी आंधळा म्हणून. इथं शेजारच्या गच्चीवर ती शहनाझ येते रोज कपडे वाळत घालायला. सकाळी सकाळी एक म्हातारा डोळा फाडून तिच्याकडे बघत बसलेला. तिला काय माहीत, मला दिसतं का नाही ते? लेकीसारखी आहे. बरं दिसतं काय ते?"

शेजारच्या गच्चीवर दोरीवरच्या चादरीआडून हसू फुटलं. मग एक बाई बाहेर आली. ओली ओढणी खांद्यावर, तोंडात कपड्यांचा चिमटा. चिमटा काढून ती म्हणाली, "चाचा, मुझे तो पहले दिन से मालूम है."

"कसं काय?" बदरुद्दीनभाई मराठीतच ओरडले.

"मैं इधर खड़ी होती हूँ, और आप रोज़ उधर सलाम करते हैं. मेरे मियाँ की शलवार को. एक दिन हवा चली, शलवार का पायँचा हिला, तो आपने पूछा, बच्चे कैसे हैं?"

मग आई टाकीला टेकली आणि हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, मग आवाज करून, मग पोट धरून. शहनाझ हसत होती, मी हसत होते, आणि बदरुद्दीनभाई खुर्चीत ताठ बसून म्हणत होते, "पण शलवारीने कधी जवाब दिला नाही, तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती."

चष्मा त्यांनी स्वतःच काढला. उजवा डोळा लाल, बुबुळ धुरकट. शहनाझने त्या डोळ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "अब मैं ख़ुद आवाज़ दिया करूँगी, चाचा. आप आवाज़ की तरफ़ मुँह कीजिए." तिची गच्ची पूर्वेला होती.

परतीच्या वाटेवर बाबा आईची समजूत घालत होते. वाया गेलेल्या आठवड्यांबद्दल काहीतरी बोलत होते. ती एकदम म्हणाली, "चारू, गाडी थांबव."

"काय झालं?"

"वाया नाही गेले. याकूब काय म्हणणार होते? समजा यांची झोप सुधारली असती, तर ते म्हणाले असते, मोकळी हवा मिळाली, वेळेवर चहा मिळाला, बायकोने रोज हात धरून वर नेलं, त्याने सुधारली. उजेडानेच सुधारली हे मी कसं दाखवणार होते? आता बघ. तीच गच्ची, तीच खुर्ची, तोच चहा, आणि डोळ्यावर झाकण. पट्टा पळतच राहिला. आता झाकण काढलंय, बाकी सगळं तेच. मी ठरवून हे केलं असतं, तर आंधळ्या माणसाला काळा चष्मा लावून गच्चीवर बसवायची मला हिंमत झाली नसती. त्यांनी आपणहून केलं. सभ्यपणाने!"

"म्हणजे पेपरात शहनाझच्या नवऱ्याच्या शलवारीचे आभार मानायला लागणार," बाबा म्हणाले, आणि त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

ईद आली आणि गेली. आईने डॉ. याकूबांकडून तारीख पुढे ढकलून घेतली. भाभींकडून ढकलून घेणं जास्त कठीण गेलं. फहद कारखान्यातून फोन करू लागला. आधी काही बदल नव्हता. झोप पूर्वीसारखीच सरकत होती; दुपारवरून तिसऱ्या प्रहरावर, तिथून सूर्यास्ताच्या मगरिबवर. मग एक दिवस तो आनंदाने ओरडलाच, "मावशी, अब्बा काल इशाच्या नमाजनंतर झोपले! पहाटे फजरला उठले!"

"छान," आई म्हणाली आणि फोन ठेवून तशीच बसली. मी नाचायच्या बेतात होते.

"सरकत सरकत ती एक दिवस रात्रीवर येणारच होती," ती म्हणाली. "बंद पडलेलं घड्याळही कधीतरी बरोबर वेळ दाखवतं. ती तिथे थांबते का, ते बघायचं."

दुसऱ्या दिवशी फोन आला. इशानंतर. तिसऱ्या दिवशी, इशानंतर. आई प्रत्येक वेळी "हं" म्हणायची आणि फोनची वायर बोटाला गुंडाळत राहायची. आठवडा उलटला तरी इशानंतरच. मग आणखी एक आठवडा. शेवटी एक दिवस फहद म्हणाला, "मावशी, आता मी रोज रोज काय सांगू? झोपतात माणसासारखे," आणि आईने वायर सोडून दिली.

डॉ. याकूबांच्या तपासणीच्या खोलीत तो कागद पेशंटच्या पलंगावर पसरला होता, आणि पेशंट शेजारी खुर्चीत बसले होते. वॉर्डातला सरळ पट्टा, घरच्या खोलीतला जिना, गच्चीवरचाही जिना, आणि मग पुन्हा सरळ पट्टा, थेट कागदाच्या शेवटापर्यंत.

"खुली हवा," डॉ. याकूब म्हणाले. "चाय. रूटीन."

आईने गच्चीवरच्या जिन्यावर बोट ठेवलं. "यहाँ भी हवा थी, चाय थी, रूटीन था. बस, चश्मा था." आणि तिने शलवारीची गोष्ट सांगितली. डॉ. याकूब घाईतला माणूस, पण खुर्ची ओढून बसले आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून पाहिला. त्या वेळी ते हसत नव्हते.

त्यांनी टॉर्च घेतला आणि बदरुद्दीनभाईंच्या उजव्या डोळ्यावर धरला. "कुछ दिखता है?"

"नहीं."

"रोशनी? हल्की-सी भी?"

"काही नाही, डॉक्टरसाहेब. तो मला काही सांगत नाही. पण झोपेशी त्याचं बोलणं चालू आहे असं बाय म्हणते. दोघांचं जमलंय, तर मी मधे कशाला पडू?"

डॉ. याकूबांनी टॉर्च बंद केला. डोळा ठेवला तर दुखणं राहील, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. डोळा बाहेरून गोठवून दाब कमी करता येतो, थेंब चालू ठेवता येतील, पण पूर्ण आराम पडेल असा शब्द देता येणार नाही. काढला तर दुखणं संपेल. बोलताना ते बदरुद्दीनभाईंकडे बघत होते, पण बदरुद्दीनभाईंनी मान बायकोच्या दिशेने वळवली.

हाफिजाभाभींनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. "थोडं दुखेल की जास्त?"

"पहले से कम. लेकिन दुखेगा."

भाभी आईकडे वळल्या. "बाय, मी तुमच्यावर चिडले होते. मनातल्या मनात शिव्या पण दिल्या."

"माहीत आहे," आई म्हणाली.

"पण गेले पंधरा दिवस हे रात्री झोपतात ना, तर मी पण झोपते. किती वर्षांनी झोपले मी. सकाळी यांना दुखतं म्हणून ओरडले की मी पण ओरडते, अंगात जोर असतो. आधी नुसती रडायची." त्या डॉ. याकूबांना म्हणाल्या, "डोळा राहू दे. गोठवायचं ते गोठवा. आणि थेंब कुठले, किती वेळा, ते माझ्याशी बोला. यांच्याशी नको. हे सगळ्याला हो म्हणतात."

"शलवारीला पण," बदरुद्दीनभाई म्हणाले.

डॉ. याकूबांनी फायलीतली ऑपरेशनची ओळ खोडली. गोठवण्यासाठी पुढच्या आठवड्याची वेळ दिली आणि पुढचा पेशंट बोलवायला सांगितलं. आईने कागदाची गुंडाळी केली. मग ती माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "नीट धर, चुरगाळू नकोस."

फहदला त्या दिवशी सुट्टी नव्हती, म्हणून बाबाच दोघांना सोडायला निघाले. आई पुढे, मी मागे त्यांच्याबरोबर. आमच्या घरी दोघांना आग्रहाने जेवू घातलेलं, गाडीत एसी, भरदुपार. दुबई मागे पडली आणि बदरुद्दीनभाईंची मान हळूहळू छातीवर आली.

आईने आरशात पाहिलं. "बदरुद्दीनभाई! नाही! आत्ता नाही!"

"हं? पाच मिनिटं, बाय…"

"पाच मिनिटं नाही. दोन तास होतील, मग रात्री जागाल. भाभी, हलवा त्यांना. मुग्धा, त्यांच्याशी बोल काहीतरी."

भाभींनी कोपराने ढोसलं. मी माझ्या बारावीच्या पेपरांबद्दल सांगायला लागले, आणि तेवढ्याने ते आणखीच पेंगुळले.

"महिनोन्महिने झोपा झोपा करून माझ्या मागे लागलात," ते जांभई देत म्हणाले, "आता झोप आली तर जागे राहा. डॉक्टर लोकांचं काही खरं नाही."

"चारू, तू गा," आई म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. मोठ्याने."

बाबांना गायला कुणी सांगितलं असं आमच्या घरात त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. त्यांनी घसा साफ केला, स्टिअरिंगवर ठेका धरला आणि कॉलेजातलं एक नाट्यगीत सुरू केलं. ताना स्वतःच्या होत्या. शेजारून जाणाऱ्या पिकअपमधला पठाण काच खाली करून बघायला लागला. हाफिजाभाभींनी पदर तोंडाशी धरला. आईने खिडकीकडे तोंड फिरवलं होतं, पण तिचे खांदे हलताना मला मागून दिसत होते.

बदरुद्दीनभाई खडखडीत जागे झाले. त्यांनी एक कडवं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पुढे वाकून म्हणाले, "पोतनीससाहेब, गाडी जरा परत हॉस्पिटलकडे घेता? डोळा ठेवलाय, पण कान काढून घेतले असते."

बाबांनी दुसरं कडवं सुरू केलं.